आईचं "गोदरेज" उघडत नाहीये, मोडीत काढू की दुरुस्त करू?

वरचा_मजला

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे पण मी लांबण लावणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आमच्याकडे आईचं गोदरेजचं कपाट आहे, १९७९ सालचं. आधी कोल्हापूरला होतं, बाबा गेल्यावर आई माझ्याकडे पुण्याला आली तेव्हा तिच्यासोबत ते पण आलं, म्हणजे आई एक वेळ ट्रेनने आली असती पण कपाट टेम्पोतून नीट आलं पाहिजे असा तिचा हट्ट होता. आत्तापर्यंत कधी कुरकुर नाही. गेल्या महिन्यात घराला रंग दिला, रंगाऱ्यांनी कपाट ढकलत ढकलत गॅलरीच्या दारापर्यंत नेलं आणि काम झाल्यावर परत जागेवर आणलं, आणि तेव्हापासून त्याचं बिनसलंय. मूठ अर्धी फिरायची आणि अडायची, मग दाराला गुडघा लावून जोर केला की उघडायचं. परवा आईने जोर केला आणि किल्ली आतच तुटली. अर्धी आईच्या हातात, अर्धी कुलपात. दुसरी किल्ली बाबांनी कुठेतरी जपून ठेवली होती, इतकी जपून की ते गेल्यापासून आठ वर्षं कोणाला सापडलेली नाही.

आत काय काय आहे ते विचारू नका. आईच्या पैठण्या, एलआयसीचे कागद, माझं दहावीचं सर्टिफिकेट आणि बाबांची पेन्शनची फाईल. पुढच्या आठवड्यात आईला हयातीचा दाखला द्यायचाय आणि पेन्शनचं पुस्तक त्यातच.

नवरा म्हणतो कटर लावून उघडू आणि मग देऊन टाकू, नवीन स्लायडिंग वॉर्डरोब करून घेऊ. खालचा भंगारवाला २८ रुपये किलो म्हणाला. आई हे ऐकून दोन दिवस आमच्याशी कामापुरतंच बोलतेय. काय करू? कोणी असं जुनं कपाट नीट करून घेतलंय का?

नट_बोल्ट

ताई, कटर अजिबात नको. ड्रिल पण नको. कुलूप बिघडलेलं नाहीये, कपाट तिरकं बसलंय, ९० टक्के हेच असणार.

मूठ फिरवली की आत तीन गज सरकतात, एक वर, एक खाली आणि एक बाजूच्या दारात. वरचा खालचा गज चौकटीतल्या भोकात जातो. आता कपाट एवढं उंच आणि जड की चार पायांपैकी एक जरी दोन सूत वर-खाली झाला तरी सगळी चौकट वाकडी होते, चौकोनाचा पतंग होतो, आणि गज भोकाच्या कडेला घासायला लागतो. तुम्हाला वाटतं कुलूप जाम झालं म्हणून तुम्ही किल्लीवर जोर करता. किल्ली पितळेची किंवा असल्याच मऊ धातूची, ती बिचारी किती सोसणार.

आता तुटलेला तुकडा. किल्ली अर्धी फिरलेल्या अवस्थेत तुटली असेल तर ती ओढून निघणार नाही, आधी बारीक स्क्रू ड्रायव्हरने खाच परत उभी आणायची, म्हणजे किल्ली घालताना जशी असते तशी. मग जिगसॉचं अगदी बारीक पातं, दात बाहेरच्या बाजूला, किल्लीच्या कडेने आत सारायचं आणि हळू ओढायचं. फेविक्विक लावून काडी चिकटवायचा प्रकार यूट्यूबवर दाखवतात तो चुकूनही करू नका, मी एकाचं कुलूप त्यातून सोडवलंय, सोडवलंय म्हणजे शेवटी फोडलंय.

जमत नसेल तर किल्लीवाला बोलवा, पण त्याच्या आधी कपाट लेव्हलला आणा. स्पिरिट लेव्हल नसेल तर कपाटावर ताटलीत पाणी ठेवून बघा कुठल्या बाजूला जास्त चढतंय. जो पाय हवेत आहे त्याखाली फरशीचा तुकडा सारा. पुठ्ठ्याची घडी नको, फरशी पुसताना पाणी पिते आणि महिनाभरात बसते.

आणि हो, एक शंका. गोदरेजचंच आहे ना नक्की? मुठीजवळ किंवा दाराच्या वरच्या कोपऱ्यात नाव बघा. कारण आपल्याकडे फ्रीज आला की फ्रीज म्हणतात पण लोखंडी कपाट आलं की गोदरेजच म्हणतात, कुठलंही असो.

वरचा_मजला

गोदरेजचंच आहे हो, लहानपणापासून आम्ही गोदरेजच म्हणतो. "गोदरेजमध्ये ठेव", "गोदरेजची किल्ली कुठेय" असंच. नाव कुठे दिसत नाही पण मध्ये दोनदा रंग मारलाय त्यात गेलं असेल.

विक्रोळीची_शिट्टी

नाव रंगात गेलं असेल, शक्य आहे. पण गोदरेजचा विषय निघाला आणि मी गप्प बसलो तर वडील वरून ओरडतील. अख्खी नोकरी गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात केली त्यांनी, टाइपरायटरच्या खात्यात. घरी आले की हाताला मशीन ऑइलचा वास, आणि कुठल्याही लग्नात गेले की आहेराचं कपाट आधी बघायचे, दार उघडबंद करायचे, मग वधूवरांना भेटायचे. आई चिडायची.

लोकांना गोदरेज म्हटलं की आता जमिनी आणि टॉवर आठवतात. सुरुवात कुलपांची आहे. अर्देशीर गोदरेज शिकले वकिली, ती सोडली, मग शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. गिऱ्हाईक म्हणालं माल चांगला आहे पण त्यावर भारतात बनवलं असं छापू नका, हे म्हणाले छापणारच, आणि धंदा तिथेच आटोपला. मग १८९७ ला लालबागला कुलपं. आपल्या लालबागला! कपाटं आली १९२३ च्या सुमारास. विक्रोळी नंतरची, धाकटे भाऊ पिरोजशा यांच्या काळातली. १९५१-५२ ला देशाची पहिली निवडणूक झाली तिच्या मतपेट्या विक्रोळीत बनल्यात, लाखोंनी. १९५५ ला टाइपरायटर, १९५८ ला फ्रीज. वडील टाइपरायटरचं साल असं सांगायचे जसं काही घरातल्या मुलाचं जन्मसाल सांगतायत.

आणि तिथली खारफुटी अजून उभी आहे, लोकलमधून दिसते ती नव्हे, आत खाडीच्या बाजूला.

ताई, मोडीत काढू नका एवढंच.

कोरडा_सल्ला

मंडळी भावूक व्हायला एका पायावर तयार. मी उलटं सांगतो. आमच्याकडे पण असंच कपाट होतं, चौथा मजला, लिफ्ट नाही, तीन घरं बदलली आणि दर वेळी हमाल त्या एका वस्तूचे वेगळे पैसे मागायचे. खालचा पत्रा गंजलेला, कप्प्यात डांबराच्या गोळ्यांचा वास, दार उघडलं की अख्ख्या चाळीला कळायचं. कंपनी मुंबईची आहे, कोल्हापूरची आहे, मंगळावरची आहे, त्याने माझे शर्ट इस्त्री होऊन येतात का? वस्तू चालतेय तोवर ठेवा, नाही चालत तर द्या. अभिमान वगैरे कंपनीच्या जाहिरात खात्यासाठी सोडा.

फक्त एक, प्रामाणिकपणे सांगायचं तर, त्याच्या जागी जो फळ्यांचा वॉर्डरोब केला तो दुसऱ्या पावसाळ्यात खालून फुगला. बनवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला भिंतीला ओल आहे तुमच्या. भिंत तीच होती, कपाट बदललं होतं. आता दार बंद करायला मी पण गुडघा लावतो.

उद्यमनगरकर

कोरडा साहेब, शेवटच्या ओळीत हरलासा की हो तुम्ही 😄

ताई, कोल्हापूरचं कपाट आणि १९७९ म्हणताय म्हणून विचारतो, रंग कुठला होता मूळचा? पोपटी-करडा, आणि हात फिरवला की बारीक बारीक चट्टे लागल्यासारखे? हॅमरटोन म्हणायचे त्याला, रंगच तसा यायचा, वाळताना आपोआप ठोकल्यासारखी नक्षी धरायचा. दुसरी गोष्ट, दार उघडून आतल्या बाजूला बघा, मधोमध उभी पट्टी ठोकलीय का आणि त्यावर ओळीनं वाटाण्याएवढे गोल डाग आहेत का. ते स्पॉट वेल्डिंग.

हे सगळं असेल तर माझा संशय असा आहे की तुमचं गोदरेज हे गोदरेज नाही. ते आमच्या शिवाजी उद्यमनगरातलं असणार, कोल्हापुरातली कारखान्यांची वसाहत ती.

आमच्या थोरल्या चुलत्यांचं तिथं शेड होतं, बाजूला फाउंड्री, पलीकडं ऑइल इंजिनचे पार्ट. सुट्टीत आम्ही पोरं तिथंच पडीक. पत्रा यायचा तो २० गेजचा. गेजचं उलटं असतंय, आकडा वाढला की पत्रा पातळ. २० म्हणजे ०.९ मिलिमीटर धरा, २२ म्हणजे ०.७. आता बाजारात जी स्वस्तातली कपाटं मिळत्यात त्यांच्या दारावर बोट दाबा, आत जातंय आणि टॉक्क करून परत येतंय, डब्याच्या झाकणागत. जुन्याचं दार दाबून बघा, तुमचं बोट वाकंल.

पत्रा कापायचा, वाकवायचा, मग जोडायचा, मग लांबी म्हणजे पुट्टी भरून पॉलिश पेपर मारायचा, हे सगळ्यात वैतागाचं काम आणि ते आम्हा पोरांच्या गळ्यात पडायचं, बदल्यात चुलते वडा खायला घालायचे. मग रंग. लग्नसराई आली की शेडच्या बाहेर रस्त्यावर दहा-बारा कपाटं ओळीनं वाळत उभी, जशी काय वरातीला निघाल्यात. गिऱ्हाईक येऊन सांगायचं, माझ्या खोलीचं दार एवढं, त्यातनं गेलं पाहिजे. आमची आजी उंच आहे, वरचा कप्पा जास्त ठेवा. आरसा आतनं लावा, बाहेरनं नको. सगळं करून मिळायचं. मोठ्या कंपनीचं कपाट म्हणजे त्यांच्या मापाचं, आमच्या शेडमधलं म्हणजे तुमच्या मापाचं. विक्रोळीचे साहेब रागवू नका, कुलूप मात्र तुमच्यासारखंच बघून बघून केलेलं असायचं, ते कबूल.

आणि गंमत सांगतो, गिऱ्हाईक येऊन म्हणायचं काय, तर "एक गोदरेज करायचं होतं". चुलते शांतपणे वहीत लिहायचे, गोदरेज, नग १.

विक्रोळीची_शिट्टी

रागवत नाही, हसतोय. वडिलांना हे कळलं असतं तर जेवले नसते.

पाणीवाली_बाई

मध्येच येतेय, विषयाला सोडून थोडं. माझं माहेर पलूसकडचं, किर्लोस्करवाडी हाकेवर, त्यामुळे आमच्याकडे हे असंच, विहिरीवर कुठलाही पंप असो, त्याला किर्लोस्करच म्हणायचे. आजोबा सांगायचे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी घ्यायलाच तयार नव्हते, लोखंडाने जमीन नासेल म्हणून, कितीतरी दिवस नांगर पडून. १९१० ला औंधच्या राजांनी माळावर जागा दिली आणि तिथे कारखाना नि गाव दोन्ही उभं राहिलं. माळ म्हणजे माळ, निवडुंग आणि साप. आता त्याच माळावरच्या स्टेशनाचं नाव कारखानदाराच्या नावावर आहे. आपल्याकडच्या लोकांना धंदा जमत नाही म्हणणाऱ्यांना मी त्या स्टेशनवर उतरवणार आहे एकदा.

कपाटाचं म्हणाल तर पायांखाली जुन्या डब्यांची प्लॅस्टिकची झाकणं घाला, पुसताना पाणी लागत नाही, गंज खालूनच सुरू होतो. आणि कुलपात खोबरेल ओतू नका. सासूबाई ओतायच्या. त्याला धूळ चिकटून चिखल होतो. पेन्सिलीचं शिसं किसून ती पूड फुंकायची, कोरडी राहते आणि काम करते.

वरचा_मजला

मंडळी!! उघडलं!!

सगळं क्रमाने सांगते. ताटलीत पाणी ठेवलं तर डावीकडे चक्क सांडलं. मागचा डावा पाय हवेत होता, रंगाऱ्यांनी काढताना खालचा लाकडी तुकडा फेकून दिला असणार, बाबांनी घातलेला. नवऱ्याने कुरकुरत फरशीचा तुकडा सारला. किल्लीवाले काका आले, त्यांनी नट_बोल्ट म्हणाले अगदी तसंच केलं, आधी खाच उभी केली, मग पात्याने तुकडा ओढला, तीन मिनिटं पण नाही लागली. दोन्ही तुकडे जोडून समोर ठेवले आणि फुटपाथवर बसतात तसे आमच्या दारात बसून कानस घेऊन नवी घासून दिली. लावली, फिरवली, आणि मूठ अशी फिरली की आईच्या तोंडून "अगं बाई" निघालं. तो आवाज मी विसरलेच होते, तीन गज एकदम सरकल्याचा, खळ्ळकन.

आता उद्यमनगरकर, तुमचं उत्तर. वाटाण्याएवढे डाग आहेत. पट्टी आहे. बिजागरीपाशी रंग खरवडून बघितला तर खाली पोपटी-करडा, चट्ट्याचट्ट्यांचा. नाव कुठेच नाही. मी आईला जरा जपूनच विचारलं, म्हटलं तिला वाईट वाटेल चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी. तर आई म्हणते, "अगं माहितीये की मला. उद्यमनगरात करून घेतलंय ते. तुझे बाबा सायकलवरून रोज संध्याकाळी बघायला जायचे किती झालं म्हणून."

मग गोदरेज का म्हणायचीस? तर म्हणे, "मग काय म्हणू? सगळे तेच म्हणायचे."

आणि ऐका. साड्या अडकवायची दांडी आहे ना, ती मला कायम विचित्र वाटायची, नेहमीपेक्षा खाली आहे, माझे ड्रेस खाली टेकतात. मी आईला किती वेळा म्हटलंय की तुझ्या कपाटाची दांडी चुकलीय. आई चार फूट दहा इंच. बाबांनी तिला भिंतीला उभं करून हात वर करायला लावून पेन्सिलीने खूण केली होती आणि ते माप शेडमध्ये नेऊन दिलं होतं. मला हे आज कळतंय. चुकलेली नव्हतीच ती.

भंगारवाल्याला खालूनच नाही म्हणून सांगितलं. नवरा म्हणतोय रंग देऊया का परत, मी म्हटलं तो मूळचा हॅमरटोन मिळतो का बघ आधी.

कोरडा_सल्ला

बरं. दांडीवर मी काही बोलत नाही.

उद्यमनगरकर

ताई काय सांगू, चुलते असते तर वाचून दाखवलं असतं. त्यांच्याच शेडमधलं असंल असं नाही म्हणत, तसली बरीच शेडं होती, पण सायकलवरनं रोज बघायला येणारी गिऱ्हाइकं मी बघितल्यात. चुलते वैतागायचे, म्हणायचे हे काय बाळंतपण हाय का रोज विचारायला.

हॅमरटोन मिळतोय अजून, हार्डवेअरच्या दुकानात विचारा, नाहीतर गाड्यांचं पेंटिंग करणाऱ्याकडं. ब्रशनं नको, स्प्रेनं. आणि आधीचे दोन थर पूर्ण काढायला लावा, नाहीतर नक्षी धरत नाही.

अजून एक काम करा. लॉकरचा खालचा ड्रॉवर आहे ना, तो निम्मा नको, पूर्ण बाहेर काढा. मग आत मागच्या बाजूला हात घाला आणि तळाचा पत्रा डावीकडं सरकतोय का बघा. आमच्याकडं सगळ्या कपाटांना चोरकप्पा ठेवायचे. गिऱ्हाइकाला कानात सांगायचे, तेही फक्त घरच्या कर्त्याला. बऱ्याच बायकांना शेवटपर्यंत पत्ता नसायचा.

पाणीवाली_बाई

बायकांना पत्ता नसायचा हा तुमचा गैरसमज आहे.

वरचा_मजला

सरकला!! खरंच सरकला, आईला माहीत होता, म्हणे "आहे तो, पण माझा हात पोचत नाही तिथवर, तुझे बाबा काहीबाही ठेवायचे."

आत निघालेल्या वस्तू: दहा पैशांची तीन नाणी, माझा पहिला पडलेला दात कागदाच्या पुडीत, आणि एक किल्ली. दोऱ्याने बांधलेली, दोऱ्याला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर बाबांचं अक्षर.

"कपाटाची जादा किल्ली. हरवू नये म्हणून आत ठेवली आहे."

आई हसून हसून पलंगावर बसली, मग डोळे पुसत बसली, मग परत हसायला लागली.

नट_बोल्ट

ताई, आता ती परत आत ठेवू नका.